एकाचे केस, गावाचे केस



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत बोनस, महागाई, किमान वेतन यांवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही ‘केसांचे गळणे’ असा विषय कळविला, तेव्हा चालकांपैकी एकाने आमच्या डोक्याकडे पाहिले आणि ते गालातल्या गालात हसले. त्यात त्यांचे काही चुकले नाही. गेल्या वीस वर्षांत आमचे कपाळ बरेच वर सरकले आहे. परंतु स्वतःच्या टकलाचे गाऱ्हाणे घेऊन आम्ही उभे नाही. आम्ही डॉक्टरही नव्हे. जे वाचले, जे विचारून घेतले आणि हमालांच्या अड्ड्यावर जे पाहिले, तेवढेच सांगणार आहोत.

या विषयाकडे आम्हाला वळविले ते २०२५ च्या जानेवारीत शेगावहून आलेल्या बातमीने. हिंगोलीकरांना शेगाव परके नाही. अकोल्याच्या गाडीत बसावे, पुढे गाडी बदलावी आणि गजानन महाराजांचे दर्शन घेऊन परतावे, हा आमच्याकडच्या कितीतरी घरांचा नेम आहे. त्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले होते. आधी डोके खाजे, मग केस हाताला लागतील तसे मुठीमुठीने निघत, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाळू उघडी पडे. बाया, पोरी, शाळकरी मुले, कोणी सुटले नाही.

आमच्या मोंढ्यात त्या दिवशी दुसरे बोलणे नव्हते. कोणी म्हणाला, शांपूचा दोष. कोणी म्हणाला, बोअरच्या पाण्याचा. एका म्हाताऱ्याने देवीचा कोप सांगितला. आणि एक शहाणा म्हणाला, “काही असो, आता त्या गावात सोयरीक कशी करायची?” हा शेवटचा प्रश्न आमच्या मनात रुतून बसला. कारण कळण्याआधीच शिक्षा ठरली होती, आणि ती ज्याचे केस गेले त्यालाच ठरली होती. आजच्या आमच्या बोलण्याचे मूळ तिथे आहे.

प्रथम केस म्हणजे काय ते पाहू. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस आपल्या मुळाच्या पिशवीत स्वतंत्र आयुष्य जगतो. दोनपासून सहा वर्षे तो वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग काही आठवडे थांबतो. मग सुमारे तीन महिने विसावा घेऊन गळतो आणि त्याच जागी नवा उगवतो. दहापैकी नऊ केस कामावर आणि एक रजेवर, अशी ही पाळी आहे. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस फणीत आले तर घाबरायचे कारण नाही. पाळीप्रमाणे सुटी झालेले कामगार ते. काळजी करायची ती सगळ्यांनी एकदम काम सोडले तर, किंवा सुटलेल्याच्या जागी नवा भरतीच झाला नाही तर.

भरती न होण्याचा सर्वांत मोठा प्रकार म्हणजे पुरुषांचे वंशपरंपरागत टक्कल. हा शोध आजचा नाही. आपल्या आयुर्वेदाने केस जाण्याला खालित्य आणि पिकण्याला पालित्य अशी वेगवेगळी नावे दिली. षंढ पुरुषांना टक्कल पडत नाही, हे ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी टिपून ठेवले. परंतु त्याचे कारण कळायला विसावे शतक उजाडावे लागले. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ साली दाखविले की, टक्कल पडायला दोन गोष्टी लागतात, घराण्यातली ओढ आणि पुरुषी अंतःस्राव. एकटीने काम होत नाही.

पुढचा धागा एका गावाने दिला. कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन प्रजासत्ताकात सालिनास नावाचे खेडे आहे. तिथल्या काही कुटुंबांतल्या पुरुषांच्या शरीरात, पुरुषी स्रावाचे अधिक जहाल रूपात रूपांतर करणारा एक घटक जन्मतःच अपुरा होता. १९७४ साली त्यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या पुरुषांना टक्कल पडत नव्हते. तोच घटक औषधाने अडवावा, या विचारातून फिनास्टेराइड निघाले आणि १९९७ साली अमेरिकेत टकलासाठी मान्य झाले. दुसरे औषध मिनॉक्सिडिल. ते मुळात रक्तदाबाचे. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवू लागले, तेव्हा ते डोक्याला लावून पाहण्यात आले, आणि १९८८ पासून ते त्या कामी विकले जाऊ लागले. दोन्ही औषधांनी काहींना चांगला गुण येतो. पण औषध थांबले की लाभही ओसरतो. फिनास्टेराइड तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नये, आणि गरोदर बाईने त्याला हातही लावू नये. राहता राहिले केसांचे रोपण. जपानमधल्या ओकुदा या डॉक्टरने १९३९ साली ते करून लिहून ठेवले होते. युद्धाच्या धामधुमीत तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि वीस वर्षांनी न्यूयॉर्कच्या ओरेंट्रायख यांनी त्याची रीत घालून दिली. मागचे केस पुढे लावायचे, म्हणजे एका वावरातले रोप उपटून दुसऱ्यात. नवे बी त्यात काही नसते.

दुसरा प्रकार सगळ्यांनी एकदम काम सोडण्याचा. विषमज्वर, बाळंतपण, मोठे ऑपरेशन, उपासमार, जिवाला बसलेला धक्का, यांनी पुष्कळ केस एकदमच विसाव्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. मधल्या काळात माणूस ताप विसरलेला असतो, म्हणून कारण सापडत नाही. करोनाच्या साथीनंतर, २०२० आणि २०२१ साली, हेच घरोघर झाले. रक्त कमी असणे, गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा बिघाड, ही कारणेही बायकांत वारंवार सापडतात. यातले बहुतेक केस आपोआप परततात. उपचार करायचा तो डोक्याला नव्हे, मूळ दुखण्याला.

इथे एक गोष्ट सांगतो. आमच्या एका सोबत्याच्या मुलीचे केस विंचरताना झुपक्याने येऊ लागले. पाहुणे बघायला येणार होते. बापाने आठवडी बाजारातून तेल आणले, मग जाहिरातीतले आणले, मग फोनवरून मागविले. चार महिन्यांत हमालीचे साडेसात हजार रुपये डोक्यावर ओतून झाले. शेवटी सरकारी दवाखान्यात रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन सात निघाले. लोहाच्या गोळ्या, गूळ, डाळ, पालेभाज्या, आणि सहा महिन्यांत पोरीची वेणी पूर्वीसारखी झाली. केसाने गळा कापणे हा वाक्प्रचार आपण लहानपणापासून ऐकतो; तेलवाल्यांनी तो अक्षरशः खरा केला आहे. आपल्या देशाच्या १९४५ च्या औषध नियमांना एक परिशिष्ट जोडलेले आहे. ज्या व्याधी बऱ्या करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, अशांच्या त्या यादीत टक्कल आहे. परंतु कायदा कपाटात असतो आणि बाटली बाजारात.

तिसरा प्रकार चाई. रुपयाएवढा गोल चट्टा पडतो आणि आतली कातडी गुळगुळीत होते. केस किड्याने खाल्ले, असे आपल्याकडे म्हणतात. किडा नाही. शरीराचे रक्षण करणारे शिपाईच भ्रमाने केसाच्या मुळाला शत्रू समजतात. ही चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. लहान चट्टे कित्येकदा आपोआप भरतात, नाहीतर डॉक्टर तिथे सुई देतात. सगळे डोके जाणाऱ्यांसाठी बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या २०२२ पासून मान्य झाल्या आहेत. लागण होते ती नायट्याची. तो बुरशीचा असतो, मुलांच्या डोक्यात अधिक, आणि पोटातून औषध घेतल्याने बरा होतो. म्हणून चाई आणि नायटा यांतला फरक मास्तरांना आणि न्हावीदादांना ठाऊक असला पाहिजे; चाईच्या पोराला वर्गात वेगळे बसविणे हा शुद्ध अन्याय आहे.

आतापर्यंत जी कारणे सांगितली, ती एकेका शरीरातली. आता शरीराबाहेरची सांगतो, कारण आमचा खरा विषय तो आहे.

हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात हळदीची पोती वाहणारे जुने हमाल टोपी काढून बसले की एक गोष्ट नजरेत भरे. कपाळावर केस दाट, कडेला दाट, आणि मधोमध, जिथे चुंबळ बसते तिथे, झिजलेली वाट. त्यातल्या एकाने आम्हाला म्हटले होते, “बापाला टक्कल नव्हतं, मलाही नव्हतं, हे पोत्यानं पाडलंय.” सतत घासण्याने आणि ओढण्याने केसांची मुळे मरतात, पोरींच्या फार घट्ट वेण्यांनीही हेच होते. यावर तेल काय करणार? ओझे कमी होणे हेच औषध. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी-हमाल कायदा झाला. ‘माथाडी’ या शब्दातच माथा आहे. पोत्याचे वजन शंभर किलोवरून पन्नासवर आणावे, ही मागणी हमालांनी वर्षानुवर्षे लढविली, ती मणक्यासाठी आणि मानेसाठी. केसांचे नाव त्या मागणीपत्रात कधी नव्हते. पण त्या हमालाच्या डोक्यावर ती मागणी लिहिलेलीच होती.

आणि एक केस जाणे असे, जे रोगाने नव्हे, रूढीने होई. विधवेचे केशवपन. त्यात केस गळत नसत, ते काढले जात, आणि कोवळ्या मुलीचे आयुष्य त्यांच्याबरोबर काढून घेतले जाई. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आम्ही ज्या चळवळीत आयुष्य घालविले तिचे हे आद्य पुरुष. त्यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरविली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असा ठराव केला. त्याच वर्षी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ज्याच्या हातात वस्तरा होता त्यानेच तो खाली ठेवला. ज्यांचे केस जात होते त्या बायांचा दोष काही नाही, असे त्या कारागिरांनी ठरावाने सांगितले. शेगावच्या बातमीनंतर सोयरिकीचा प्रश्न विचारणाऱ्या आमच्या शहाण्याला आम्ही हीच गोष्ट सांगितली होती.

आता शेगावकडे परत येऊ. पहिले संशय नेहमीप्रमाणे माणसाच्या सवयीवर गेले: शांपू, साबण, अस्वच्छता. मग बुरशीवर. मग पाण्यावर, काही ठिकाणी पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघालेही. पण क्षारयुक्त पाणी बुलडाणा-अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या पितात, तेव्हा केस गेले नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले आणि नमुने घेऊन गेले. शेगाव आणि नांदुरा तालुक्यांतल्या अठरा गावांत मिळून २७९ माणसे बाधित झाल्याची गणती झाली.

याच वेळी रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर स्वतः तिथे गेले. हे तेच बावस्कर, ज्यांनी विंचूदंशाने मरणारी कोकणातली माणसे वाचविण्याची उपचारपद्धती उभी केली. मूळचे मराठवाड्यातले, जालना जिल्ह्याचे. त्यांनी जो प्रश्न विचारला तो कोणत्याही युनियनवाल्याला ओळखीचा वाटेल. या सगळ्यांत समान काय आहे? वय वेगळे, जात वेगळी, साबण वेगळा. समान होते रेशनच्या दुकानातले गव्हाचे पोते. त्यांनी तो गहू तपासून घेतला. त्यात सेलेनियम नावाचे मूलद्रव्य किलोला सुमारे चौदा मिलिग्रॅम निघाले. स्थानिक गव्हाच्या सहाशे पट, असे त्यांनी सांगितले. धुतलेल्या गव्हातही फारसा फरक नव्हता, म्हणजे विष वरून लागलेले नसून दाण्यातलेच होते. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कित्येक पट वाढलेले आणि जस्त घटलेले होते. पुढे एप्रिलमध्ये त्याच भागात काहींची नखे वेडीवाकडी होऊन गळाली. नखे आणि केस एकाच द्रव्याचे बनतात, आणि सेलेनियमचा मार दोघांवर सारखाच पडतो.

हिशेब आम्ही आमच्या पद्धतीने मांडून पाहिला. प्रौढ माणसाला दिवसाला चाळीस ते पंचावन्न मायक्रोग्रॅम सेलेनियम लागते. चारशेच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा आहे. त्या गव्हाचे दोनशे ग्रॅम पीठ, म्हणजे सहा-सात पोळ्या, खाल्ल्या तर पोटात जातात अठ्ठावीसशे मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या सात पट, आणि तेही रोज.

ही गोष्ट जगात पहिल्यांदा घडली असे मात्र नाही. अमेरिकेच्या डाकोटा भागात, फोर्ट रँडल नावाच्या लष्करी ठाण्यावर, मॅडिसन नावाच्या लष्करी डॉक्टरने १८५० च्या दशकात पाहिले की घोड्यांची आयाळ आणि शेपटीचे केस झडतात, खूर सुटतात. घोडे काय खातात याचा शोध १९३० च्या दशकात लागला: तिथल्या जमिनीतले सेलेनियम गवतात उतरत होते. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६१ ते १९६४ या वर्षांत, सर्वांत वाईट गावांमध्ये जवळजवळ निम्म्या माणसांचे केस आणि नखे गेली. दुष्काळाने भात बुडाला होता. लोक सेलेनियमच्या जमिनीतला मका आणि भाजी खाऊन राहिले होते. आपल्या पंजाबातही होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही थोड्या जमिनी अशा आहेत, शिवालिक टेकड्यांतून वाहून आलेल्या गाळाच्या. तिथे जनावरांचे केस आणि खूर जातात, हे लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने पूर्वीच नोंदविले आहे. शेगावचा गहू पंजाबातून आलेला होता, असे बावस्करांचे म्हणणे. म्हणजे पोती उघडण्यापूर्वी ज्ञान तयार होते. ते पोत्यापर्यंत पोचले नव्हते, एवढेच.

इथे दोन सावधगिऱ्या. पहिली, सेलेनियम हे निव्वळ विष नव्हे. चीनमध्येच केशान नावाच्या जिल्ह्यात ते कमी पडल्याने हृदयाचा रोग होई. नावात केश असले तरी केसांशी त्याचा संबंध नाही. अति आणि कमी, दोन्ही वाईट. म्हणून केसांसाठी सेलेनियमच्या गोळ्या दुकानातून आणून गिळू नका, त्यांच्या अतिरेकाने केस गळतात. दुसरी, यावरून पंजाबच्या शेतकऱ्याला शिव्या देऊ नका आणि रेशन बंद करा असेही म्हणू नका. आमच्या नरसीचे नामदेवराय पंजाबात जाऊन घुमानला राहिले, ते नाते गव्हाच्या एका पोत्याने तुटायचे नाही. आणि १९७२ च्या दुष्काळात लाल मिलोवर ज्यांनी दिवस काढले, ती माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारा रेशनची किंमत. मराठवाडा आपल्या रानातली ज्वारी खात होता तेव्हा एका रानाचा दोष एका घरापुरता राही. आज एका गोदामातून अठरा गावे जेवतात. म्हणून गोदामाची तपासणी ही आता गावाच्या आरोग्याची बाब झाली आहे. वजनकाटा तपासायला माणूस येतो. दाण्यात काय आहे हे तपासायलाही कोणी आले पाहिजे. ही मागणी आम्ही आमच्या संघटनेच्या ठरावात घातली आहे.

आनंदाची गोष्ट ही की शेगावच्या गावांत तो गहू थांबल्यावर पुष्कळांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले. मुळे मेली नव्हती. पण केस येण्याआधी जे गेले ते सगळेच परत आले असे नाही. पोरी शाळेत जायच्या थांबल्या, जुळलेली लग्ने फिसकटली. सेलेनियमने केस नेले; ही नासाडी केली ती आपल्या जिभांनी.

तेव्हा घरी जाताना एवढेच न्या. तुमच्या एकट्याचे केस जात असतील तर तेलाच्या बाटलीआधी डॉक्टर गाठा, गेल्या तीन महिन्यांतला ताप, बाळंतपण, काळजी आठवा, रक्त तपासा, आणि घराण्याचेच टक्कल असेल तर औषध घ्या, नाहीतर आमच्यासारखे ते मिरवा. परंतु आळीत, गावात, कारखान्यात अनेकांचे केस एकदम जाऊ लागले, तर कोणाच्या साबणाची, स्वच्छतेची, नशिबाची चौकशी करू नका. सगळे मिळून बसा आणि विचारा, आपण सगळे एकच काय खातो, काय पितो, कशात काम करतो? पोत्यातला मूठभर गहू जपून ठेवा, त्यावर तारीख लिहा, आणि तो तपासून मिळेपर्यंत तहसीलच्या पायरीवरून उठू नका.

राहिला सोयरिकीचा प्रश्न. आमच्या त्या शहाण्याच्या मुलाचे लग्न यंदा वैशाखात ठरले आहे. मुलगी कुठली, हे आम्ही सांगणार नाही. शेगावच्या बाजूची आहे, आणि तिची वेणी आता खांद्यापर्यंत आली आहे.